गावच्या दुकानात खात्रीचा माल आणि रोजच्या सेवा: आधी काटा, मग कागद, मग फळी

मुळशी, मावळ, भोर, पुरंदर अशा कुठल्याही रस्त्याला लागलं की दर दोन-चार गावांआड एक पाटी दिसते: 'सेंद्रिय माल, बचत गटाची उत्पादनं, सर्व ऑनलाइन कामे'. सहा महिन्यांनी त्याच रस्त्याने परत यावं, तर पाटी तिथेच असते आणि खाली वेफर्सच्या माळा लोंबत असतात. माल खपला नाही, पापडाला बुरशी लागली, पैसे काढण्याच्या यंत्रावरून एखाद्या आजीशी भांडण झालं आणि सगळं गुंडाळलं.

असं होतं ते क्रम उलटा धरल्यामुळे. लोक आधी पाटी रंगवतात, मग माल उचलतात, मग यंत्र घेतात. काटा, कागद आणि हिशेबाची वही यांची आठवण तक्रार आल्यावर होते. आमचंही दुकान आधी असंच चाललं होतं. म्हणून खाली टप्पे आहेत त्याच क्रमाने चला. मधला एखादा गाळून पुढे गेलात तर मागे येणं महागात पडतं.

टप्पा १: आहे त्या दुकानाची झाडाझडती

नवीन काही आणण्याआधी एक आठवडा फक्त लिहा. दुकानात काय खपतं ते बहुतेकांना तोंडपाठ असतं. गिऱ्हाईक काय विचारून रिकाम्या हाताने परत जातं, ते मात्र कोणी लिहीत नाही. एक वही गल्ल्याशेजारी ठेवा आणि 'नाही' असं उत्तर दिलं की तेवढंच टिपा: नाचणीचं पीठ, झेरॉक्स, वीजबिल, पाचशेचे सुटे. आठवड्याच्या शेवटी ज्या गोष्टी पाच-सहा वेळा आल्या, त्यांतूनच तुमची यादी निघेल.

मग दुकानातून काय जाणार ते ठरवा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायलाही महाराष्ट्रात २०२० पासून मनाई आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य काहीच विकता येत नाही. समोरच्या फळीवर 'खात्रीचा माल' आणि काउंटरखाली पुड्या, हे गावात चार दिवससुद्धा लपत नाही.

दुसरी गोष्ट छापील किमतीची. दुधाच्या पिशवीवर किंवा थंड बाटलीवर 'फ्रीजचे' म्हणून एक-दोन रुपये जास्त घेण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, फ्रीजचं वीजबिल कितीही येवो. ही सवय आज बंद करा. पुढचं सगळं त्या दोन रुपयांवर अवलंबून आहे, कारण लोक तुमची पारख तिथेच करतात.

तपासा: 'नाही' वहीत निदान सात दिवसांच्या नोंदी आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: काटा

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी वैधमापन शास्त्र विभागाकडून करून घ्यावी लागते. दुकानदार याला 'पासिंग' म्हणतात. लोखंडी वजनं आणि तराजू असेल तर २४ महिन्यांनी. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावा, ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

पण वर्षातून एकदा पासिंग केलं म्हणजे काटा वर्षभर बरोबर दाखवतो असं नाही. शिक्का असलेलं १ किलोचं एक वजन दुकानात ठेवा आणि रोज सकाळी दुकान उघडल्यावर ते काट्यावर टाका. १००० ग्रॅम दिसलं की वहीत बरोबरची खूण करा. मुंग्या आत शिरल्या, काटा डुगडुगत्या टेबलावर ठेवला, किंवा पंख्याचा वारा थेट ताटलीवर येत असला तरी आकडा हलतो. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

पिशवी, डबा, बरणी यांचं वजन मालात धरायचं नसतं. आधी रिकामी पिशवी ठेवून आकडा शून्य करा, मग माल भरा. कागदी पिशवी ८-१० ग्रॅमचीच असते हे खरं, पण गिऱ्हाईक स्वतःचा स्टीलचा डबा घेऊन आलं तर तो २००-३०० ग्रॅमचा असतो. तिथे शून्य करायचं विसरलात तर मोठाच घोळ होतो.

टप्पा ३: कागद

किती कागद लागतात याची भीती घालणारे एजंट पुण्यात भरपूर आहेत. गावच्या दुकानाला खरं लागतं ते एवढंच.

खाद्यपदार्थ विकणाऱ्याला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी, किराणा दुकानालासुद्धा. छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते, मोठीला परवाना. उलाढालीची मर्यादा अर्ज भरताना त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर पाहून घ्या, जुन्या माहितीवर जाऊ नका. मिळालेला १४ अंकी क्रमांक दुकानात दर्शनी लावायचा आणि बिलावरही छापायचा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, आधारवर होते आणि ती मोफत आहे. तिच्यासाठी कोणी हजार रुपये मागितले तर उठून या. एक-दोन माणसं कामाला असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना-अर्ज भरायचा असतो. गावात त्याला अजून 'गुमास्ता'च म्हणतात.

जीएसटीची एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण ही सवलत निव्वळ मालाच्या विक्रीला आहे. त्याच दुकानाच्या नावावर कमिशनच्या सेवा सुरू केल्या की मर्यादा २० लाखांवर येते. चांगलं चालणारं किराणा दुकान २० लाखांची उलाढाल सहज ओलांडतं. म्हणून सेवा सुरू करण्याआधी, नंतर नव्हे, कर सल्लागाराला विचारा.

सावध: बचत गट पापड, चटणी, मसाला असं काही बनवून देत असेल तर त्या गटाचीही स्वतःची एफएसएसएआय नोंदणी हवी. 'आमच्या घरचंच आहे' हे कायद्यात चालत नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला भात किंवा कडधान्य आणून दिलं तर त्याला नोंदणी लागत नाही. तुम्ही ते दळून-भरून विकलंत की जबाबदारी तुमची.

टप्पा ४: माल कुठून आणि कसा निवडायचा

इथे घाई नको. सुरुवातीला सहा ते आठ वस्तू पुरे. आमच्या भागात चालणाऱ्या सांगतो: बिनपॉलिश इंद्रायणी, गूळ, सीलबंद घाण्याचं शेंगदाणा तेल, नाचणीचं पीठ, उडदाचे पापड, काळा मसाला, कापडी पिशव्या. हंगामात पुरंदरच्या बाजूला असाल तर अंजीर. त्याला भौगोलिक मानांकन आहे, पण ताजं अंजीर दोन दिवसांत मऊ पडतं, म्हणून रोजच्या रोज आणणं जमत असेल तरच हात घाला.

प्रत्येक वस्तूसाठी एकदा तरी ती बनते तिथे जाऊन या. फोनवर सगळेच 'एक नंबर माल' म्हणतात. गेल्यावर काय पाहायचं?

तांदूळ: 'हातसडी' म्हणून विकला जाणारा बहुतेक तांदूळ गिरणीतच निघतो, फक्त कोंडा कमी काढलेला असतो. त्यात वाईट काही नाही, पण मग 'बिनपॉलिश' म्हणा, 'हातसडी' म्हणू नका. माझी स्वतःची चूक इथलीच. मार्चमध्ये स्वस्त मिळाला म्हणून चार क्विंटल बिनपॉलिश तांदूळ भरून ठेवला. जूनचा दमट वारा सुटला आणि पोत्यांत पोरकिडे चालू लागले, वर कोंड्यामुळे तांदळाला खवट वास. निम्मा तांदूळ कोंबड्यांना गेला. आता शेतकऱ्याकडून भात घेऊन भातच ठेवतो आणि महिन्याला लागेल तेवढाच गिरणीत काढतो. टरफलात दाणा टिकतो.

नवा तांदूळ की जुना, हेही पाटीवर लिहा. नव्या इंद्रायणीचा भात गिचका होतो. पाणी कमी घाला असं सांगितलं नाही तर गिऱ्हाईक तांदूळच खराब म्हणून परत आणतं.

गूळ: दौंडकडे केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत, चालू गुऱ्हाळावर अर्धा दिवस काढा. रस उकळताना काय टाकतात ते दिसतं. मळी काढायला भेंडीचं पाणी टाकतात का, आणि पिवळाधमक रंग यावा म्हणून हायड्रॉस पावडर टाकतात का? काळपट गूळ म्हणजे आपोआप बिनकेमिकल, हा लोकांचा गैरसमज आहे. काळपट रंग मळी नीट न काढल्यानेही येतो. म्हणून रंगावर जाऊ नका, कढईवर जा. पावसाळ्यात गूळ पाघळतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर मोठ्या ढेपा न घेता लहान ढेपी घ्या.

तेल: इथे चांगल्या हेतूने केलेली चूक फार दिसते. प्लास्टिक टाळायचं म्हणून गिऱ्हाइकाला बाटली आणायला सांगतात आणि घाण्याचं तेल डब्यातून ओतून देतात. सुटं खाद्यतेल विकायला मनाई आहे, घाण्याचं असलं तरी. घाणेवाल्याकडून लेबल लावलेल्या सीलबंद बाटल्याच घ्या. प्लास्टिक टाळायचं असेल तर काचेची बाटली आणि रिकामी परत आणल्यावर पैसे परत, असा ठराव घाणेवाल्याशी करा. बाटली त्याच्याकडे धुवायला-भरायला परत जाईल, तुम्ही भरायची नाही.

पीठ आणि मसाला: तारीख विचारा. नाचणीचं पीठ पावसाळ्यात पंधरा दिवसांवर ठेवायचं नाही. मसाल्याची मिरची कुठली, भाजलेलं खोबरं आहे का हे विचारा, कारण खोबऱ्याचा मसाला लवकर खवट होतो.

मध: ठेवणार असाल तर 'पाण्यात टाका, तळाला गेला की खरा' ही परीक्षा विसरा. साखरेचा घट्ट पाकही तळालाच जातो. प्रयोगशाळेचा अहवाल असलेलाच घ्या किंवा सुरुवातीला मध ठेवूच नका. माझं मत: ठेवूच नका.

सावध: 'सेंद्रिय' हा शब्द. शेतकरी स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकतो तेव्हा छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. तोच माल तुमच्या दुकानातून गेला की ती सूट तुम्हाला लागू होत नाही. तेव्हा प्रमाणपत्र दोनपैकी एक हवं: बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेलं एनपीओपी, किंवा शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून मिळवलेलं पीजीएस-इंडिया. पीजीएससाठी निदान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. त्यातही 'पीजीएस-ग्रीन' म्हणजे शेत अजून बदलाच्या काळात आहे, 'पीजीएस-ऑरगॅनिक' म्हणजे पूर्ण झालं. प्रमाणपत्र नसेल तर पाटीवर खरं तेवढंच लिहा: 'अमुक गावच्या शेतकऱ्याकडून, फवारणी न केलेला, असं शेतकऱ्याने सांगितलं'. वाक्य लांब होतं, होऊ द्या.

टप्पा ५: बनवणाऱ्याशी बोलणी आणि पैसे

'विकेल तसे पैसे देतो' ही पद्धत दुकानदाराला सोयीची वाटते. गटातल्या बायकांचे पैसे उडीद, मसाला आणि पाटावरच्या कष्टांत आधीच गुंतलेले असतात. न खपलेला पापड तुम्ही तीन महिन्यांनी परत दिलात तर तो आता कुणीच घेणार नाही, आणि पुढच्या वेळी गट तुम्हाला जुना माल देईल. चुकीची सुरुवात इथे होते आणि दोष मात्र 'बचत गटाच्या मालाचा दर्जा' असा निघतो.

उलटं करा. पंधरा दिवसांत खपेल एवढाच माल घ्या आणि पैसे त्याच आठवड्यात द्या. भाव ठरवताना गटाच्या अध्यक्षाताईंसोबत बसून खर्च मांडा: कच्चा माल, पॅकिंग, वाहतूक आणि बायकांची मजुरी. बहुतेक गट मजुरी धरतच नाहीत. ती धरायला लावा. नाहीतर दिवाळीला मोठी ऑर्डर आली की ते नाही म्हणतात, कारण परवडत नाही हे तेव्हा कळतं.

आता तुमचा हिशेब. समजा अर्धा किलो पापड १२० रुपयांना घेतला आणि १४५ला विकला. दुकानदार म्हणतो, वीस टक्के सुटले. विक्रीच्या किमतीवर ते १७ टक्केच आहेत. त्यातून पिशवी ३, आणायचा खर्च ४, तुटफूट ३ असे १० रुपये वजा करा. हातात १५ रुपये राहिले. दुकानाचं भाडं आणि वीज यातूनच जायची आहे. हा हिशेब प्रत्येक वस्तूचा आधी करा. जी वस्तू या हिशेबात बसत नाही ती भावनेपोटी ठेवू नका.

भावाची आणखी एक गोष्ट. ताम्हिणीकडे जाणाऱ्या पुण्याच्या गाड्या शनिवार-रविवारी थांबतात आणि त्यांना तांदूळ वीस रुपये चढा दराने देण्याचा मोह होतो. गावातलं पोरगं तिथेच बसलेलं असतं, ते ऐकतं. एकच भाव, पाटीवर लिहिलेला.

टप्पा ६: नोंद, पॅकिंग, लेबल

माल आला की फळीवर जाण्याआधी वहीत जातो. तारीख, कोणाकडून, किती, काय भाव, पैसे कधी दिले. पोत्यावर किंवा बरणीखाली मार्करने तारीख आणि देणाऱ्याची खूण: 'शि १२/६'. महिन्याने कोणी मसाल्यात खडा सापडला म्हणून आलं तर तुम्ही पाच मिनिटांत सांगू शकता की तो कोणत्या खेपेतला, आणखी कोणाला गेला. अशी खूण नसेल तर सगळाच मसाला संशयात येतो.

सुटा माल गिऱ्हाइकासमोर मोजून देणं वेगळं, आणि दुपारच्या निवांत वेळात अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरून ठेवणं वेगळं. दुसऱ्याला कायद्याने 'आवेष्टित वस्तू' म्हणतात. तिच्यावर लेबल लागतं आणि पॅक करणारा म्हणून तुमची नोंदणी लागते. लेबलवर हे हवं: वस्तूचं नाव, भरणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर आणि तक्रारीसाठी संपर्क. खाण्याची वस्तू असेल तर घटक पदार्थ, कधीपर्यंत वापरायची ती तारीख, एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण.

एवढं करायचं नसेल तर सोपी वाट आहे: सुटंच ठेवा, समोर मोजा. गावात ते जास्त चालतंही.

रद्दीचा पुडा मात्र बंद. वर्तमानपत्राच्या शाईमुळे त्यात खाण्याचे पदार्थ बांधायला मनाई आहे. चणे-शेंगदाण्याचा पुडा वळणारे हात आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहेत, मलाही वाईट वाटलं. कोरा तपकिरी कागद आणा. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार दंड आणि ३ महिन्यांची कैद. गटाकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घ्या, दहा रुपयांना द्या, परत आणली तर दहा रुपये परत.

तपासा: फळीवरची कोणतीही एक वस्तू उचला. ती कोणी, कुठे, कधी बनवली आणि तुम्ही तिचे पैसे दिले का, हे वही न शोधता एका मिनिटात सांगता येतं का? दुकानातल्या मुलालाही सांगता यायला हवं.

टप्पा ७: सेवा, पण एका वेळी दोनच

'सर्व ऑनलाइन कामे' असं लिहू नका. दोन सेवांनी सुरुवात करा. वहीतल्या 'नाही'च्या नोंदी पाहा. बहुतेक गावांत पहिली मागणी वीजबिल-रिचार्जची आणि दुसरी आधारवर, म्हणजे अंगठा लावून बँक खात्यातून, पैसे काढण्याची असते. दाखले आणि प्रमाणपत्रं नंतर. आपले सरकार सेवा केंद्राची ओळख-क्रमांक मंजुरी ज्याच्या नावावर आणि ज्या गावासाठी मिळते, तिथेच चालवायची असते. दुसऱ्याची ओळख 'भाड्याने' घेऊन बसणारे आहेत. गडबड झाली की दोघेही अडकतात.

यंत्रापासून सुरू करू. अंगठ्याचं यंत्र 'एल-वन' या नव्या, जास्त सुरक्षित प्रकारचंच घ्या. जुनं 'एल-झिरो' कोणी स्वस्तात देत असेल तर नको. पावसाळ्यात आमच्या खोऱ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातं, म्हणून छोटा इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा.

दोन गल्ले. हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत जास्त मोडलं जाणारं. किराणाचा गल्ला वेगळा, सेवांचा वेगळा. एकाच गल्ल्यातून पैसे काढून दिले तर रात्री दोन हजार कमी का हे कधीच कळत नाही.

सेवांच्या गल्ल्याचा ताळा सोपा आहे. रोख अधिक पोर्टलवरचं वॉलेट (तिथल्या खात्यात जमा असलेले तुमचे पैसे), ही बेरीज दिवसभर तीच राहते. गिऱ्हाइकाने पैसे काढले की रोख घटते आणि वॉलेट वाढतं, बिल भरलं की उलटं. बदल होतो तो फक्त कमिशनचा. समजा सकाळी रोख १२,००० आणि वॉलेट ८,०००, एकूण २०,०००. तिघांनी मिळून ९,००० काढले: रोख ३,०००, वॉलेट १७,०००. वीजबिलं ४,२००ची भरली: रोख ७,२००, वॉलेट १२,८००. बेरीज पुन्हा २०,०००. दिवसभराचं कमिशन ३८ रुपये जमा झालं असेल तर २०,०३८. याच्यापेक्षा एक रुपया कमी-जास्त असला तरी रात्रीच शोधा, सकाळपर्यंत ठेवू नका.

पैसे काढताना क्रम असा ठेवा:

१. किती काढायचे ते गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या, आणि आकडा यंत्रात भरल्यावर पडदा त्यांच्याकडे फिरवा.
२. मग अंगठा. त्याआधी नाही.
३. अंगठा लागत नसेल तर हात धुवून पुसायला सांगा, दुसरं बोट घ्या. शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात त्या माणसाचा दोष नाही. तिसऱ्या वेळीही नाही झालं तर थांबा.
४. पावती छापा. व्यवहार फसला तरी 'फेल'ची पावती छापून द्या.
५. नोटा दोनदा मोजा, एकदा तुम्ही, एकदा त्यांनी.

शिल्लक मोठ्याने वाचू नका. निराधार योजनेचे किंवा लाडकी बहीणचे पैसे आले त्या दिवशी दुकानात रांग असते, आणि कोणाच्या खात्यात किती उरले हे मागच्या माणसाला, विशेषतः मुलाला किंवा जावयाला, कळायचं कारण नाही. वाचता येत नसेल तर जवळ बोलावून हळू सांगा.

यासाठी तुम्हाला कमिशन मिळतं. हजारामागे दहा-वीस कापून घेण्याची पद्धत कितीही रुळलेली असली तरी ती करू नका. वीजबिलावरही तेच. झेरॉक्स किंवा छपाईचे पैसे वेगळे घ्या आणि त्यांचं दरपत्रक लावा. उदाहरणार्थ, डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचं सरकारी शुल्क १५ रुपये आहे, छपाईचे तुमचे पाच, एकूण वीस, असं फोडून लिहा.

सावध: खात्यातून पैसे गेले पण यंत्रावर व्यवहार पूर्ण झाला नाही, असं होतं. तिथेच पुन्हा अंगठा घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत जमा व्हायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हे कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात. फसवणुकीचा संशय असेल तर गिऱ्हाइकाला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावून द्या.

वीजबिल भरताना १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकल्यावर पडद्यावर आलेलं नाव गिऱ्हाइकाला विचारून घ्या. एक आकडा चुकला तर शेजारच्या गावातल्या अनोळखी माणसाचं बिल भरलं जातं. ते पैसे परत मिळवायला तीन आठवडे आणि पाच फोन लागले, स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

आधारच्या झेरॉक्स फाइलमध्ये साठवू नका. काम झालं की प्रत परत द्या. खराब निघालेली प्रत त्यांच्यासमोर फाडा. मोबाइलमध्ये काढलेला फोटो त्यांच्यासमोरच खोडा.

टप्पा ८: उधारी

खात्रीच्या मालाची उधारी आणि किराण्याची उधारी एकाच पानावर लिहू नका. गटाला तुम्ही आठवड्यात पैसे देता आणि गिऱ्हाईक महिन्याने देतं, त्या तीन आठवड्यांचा भार कोणावर पडतो ते पानं वेगळी असली की दिसतं. सेवांना उधारी नाहीच. वॉलेटमधून गेलेला पैसा तुमचा रोख पैसा आहे. पाटी लावा आणि पहिल्या दिवसापासून पाळा, सख्ख्या भावालाही.

टप्पा ९: महिन्याची झडती

महिन्याच्या शेवटी एक तास बसा. प्रत्येक वस्तूपुढे तीनच गोष्टी लिहा: किती आलं, किती खपलं, किती खराब झालं. दोन महिने लागोपाठ निम्म्याहून कमी खपलेली वस्तू बंद करा, पण गटाला आधी सांगा आणि त्यांनी पुढच्यासाठी उडीद भरून ठेवला असेल तर तेवढा माल उचला. तक्रारी कोणत्या आल्या त्या बनवणाऱ्याला त्याच दिवशी कळवा, महिन्याची वाट पाहू नका. दोन सेवा बिनचूक चालल्या, रात्रीचा ताळा महिनाभर जुळला, तरच तिसरी घ्या.

या झडतीत एक गोष्ट हमखास सापडते. आषाढात गटाचा मसाला उशिरा येतो, बरणी रिकामी दिसते, आणि दुकानातलं कोणीतरी मार्केट यार्डातून आणलेला मसाला त्यात ओततं. चव जवळपास तीच, लेबल तेच. असं झालं असेल तर तो मसाला बाहेर काढा, वेगळ्या बरणीत वेगळ्या भावाने ठेवा. गटाची बरणी धुऊन रिकामीच फळीवर ठेवा आणि तिच्यावर चिठ्ठी लावा: 'संपला. सोमवारी येईल.'